डावा काठ

वाचनालयात, मासिकांच्या रॅकच्या वर,
लिंबाजी सुताराला गोळी घालतात
रोज सकाळी आठ ते अकरा
आणि संध्याकाळी पाच ते आठ.
सोमवारी सुट्टी.

मशाक पेंटरनं काढलंय.
औशातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच,
म्हणून बंदुकांच्या नळ्याही
शिरोरेघेसारख्या एका ओळीत.
रक्ताचा लाल विडीच्या पाटीतून उरलेला.

सतरा सप्टेंबरला लातूरहून प्राध्यापक येतात.
छडीनं दाखवतात:
एका पायात वहाण, एक पाय उघडा,
म्हणजे अर्धा माणूस आधीच मातीचा झालेला.
पाठमोरी शेळी म्हणजे आपण सगळे.
छातीवरचा उजेड म्हणजे उगवतं स्वातंत्र्य.
पोरं वहीत उतरवून घेतात.

सोजरबाई, लिंबाजीची पुतणी,
मागच्या बाकावरून म्हणाली,
"कशाची माती बाबा,
दुसरी वहाण भिवाजीकडं शिवायला टाकली व्हती.
दोन आणे हाली द्यायचे राहिले.
त्यानं बी ती मरेस्तोवर कुणाला दिली न्हाई."
शेळीबद्दल ती काही बोलली नाही.

मी वीस वर्षं तो उजेड पुसत आलो,
ओल्या फडक्यानं, वरून खाली.

यंदा वाळवीनं चौकट खाल्ली.
चित्र सोडवून टेबलावर उताणं ठेवलं
तर चौकटीखाली दबलेल्या बोटभर पट्टीत,
डाव्या काठाला,
चार बोटं.
कंदिलाची कडी धरलेली.
करंगळीत चांदीचं वेढं.
बाही खाकी नाही, आपल्याकडच्या बंडीची,
घरी धुतलेली.

म्हणजे रात्र होती.
नेम धरायचा तर
कुणीतरी उजेड दाखवायला हवा होता.

मशाक पेंटरला जाऊन सोळा वर्षं झाली.
चौकटवाल्यानं विचारलं, "पट्टी किती दाबू?"
मी म्हणलं, "होती तेवढीच."

काल सातला लाईट गेली.
सोजरबाईची नात चित्रासमोर उभी,
कालच आलेली पुण्याहून.
"काका, काहीच दिसेना की."
मी डावीकडं सरकलो,
मोबाईलची बॅटरी लावली,
हात जरा खाली घेतला, मग जरासा वर,
लिंबाजीच्या छातीवर बरोबर पडेपर्यंत.

"आता?"

"हां," ती म्हणाली,
"हलू नका."