डावा पीळ

चवथीला दहा दिवस असताना
माटोळीची चौकट काढायला माळ्यावर चढलो
आणि तिच्यामागून हा निघाला:
दोन हात लांब, पत्र्याचा, टेबलावरचा हॉकीचा खेळ.

कुस्तोद तारवटीने मॉन्ट्रियलहून आणलेला, अठ्ठ्याहत्तर साली,
बाबांनी त्याच्या लॅम्ब्रेटाचं इंजिन बसवून दिलं त्या बदल्यात.
पांढरं मैदान म्हणजे बर्फ, हे त्यानेच सांगितलं.
आम्हाला बर्फ ठाऊक होता तो डिचोलीच्या बाजारात
बांगड्यांवर, लाकडाच्या भुशासकट पडलेला.
त्यावर माणसं पळतात कशी, आणि वास येत नाही?

बारा माणसं हवीत. अकरा आहेत.
लालांना गोलकीपर नाही.
निळ्यांतल्या एकाला डोकं नाही,
तरी काठी घट्ट धरून उभा.
सळ्या जागच्या जागी थिजलेल्या;
कुणीतरी त्यांना खोबरेल पाजलं होतं,
चाळीस वर्षांत त्याचा डिंक झाला.
कुणीतरी म्हणजे मीच.

रॉकेल आता मिळत नाही. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं,
सळ्या दोन रात्री भिजत घातल्या.
‘घरभर गॅरेजचा वास,’ सुलक्षा म्हणाली,
‘गणपती बसायचाय इथे, ठाऊक आहे ना?’
म्हटलं, बसू दे की. त्यालाही एक बाजू देऊ.

गोलकीपर कापला बिस्किटांच्या डब्यातून.
त्याच्या पाठीवर अर्धं मांजर आलंय, असू दे.
चकती तर कधीचीच हरवलेली.
खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा
कन्व्हेयर बेल्टचा एक तुकडा घरी आणला होता
(आणला म्हणजे काय ते समजून घ्या),
त्यातून एक गोल पाडला.
ज्या पट्ट्यावरून डोंगराचा डोंगर बार्जमध्ये गेला
त्यातला हा रुपयाएवढा,
अजून बोट तांबडं करतो.

मग खेळ पालथा घातला.
खालची बाजू मी कधी पाहिलीच नव्हती.
वर बर्फ. खाली खाचा, दातेरी चाकं, कोळ्याची जाळी,
आणि मधल्या सळीला, मोडल्या जागी,
तांब्याची तार, सात वेढे, डाव्या अंगाला पिळलेली.

असा पीळ आमच्या घरात एकटाच घालायचा.
बाबा पक्कड शाणूच्या उजव्या हातात देत,
तो ती डाव्यात घेई,
दोघेही काही बोलत नसत.
कधी केलं असेल त्याने हे?
मी तापाने निजून होतो त्या मे महिन्यात?
मी तर धरून चाललो होतो
की ती सळी कधी मोडलीच नाही.

सुंभ जळला तरी, आई म्हणायची
आम्हा दोघांकडे बघत, आणि पुढचं गिळायची.
उसगावला असतो तो. अर्ध्या तासाची वाट.
जमिनीच्या कागदावर सही अडली तेव्हापासून
चार चवथी झाल्या, त्याचा गणपती त्याच्याकडे.

तार काळी पडली होती. नवी घालणं सोपं,
माझ्याकडे स्टेनलेसची आहे. पक्कड लावलीही.
एक वेढा सैल झाला. उजव्या हाताने आवळायला गेलो
तर आणखीच सुटू लागला.
तेव्हा पक्कड डाव्या हातात घेतली, बावळटासारखी,
जिभेचं टोक दातांत धरलं
आणि त्याचा वेढा त्याच्याच बाजूने परत बसवला.

खेळ सुलटा केला. बाराही जण गर्रकन फिरतात,
बिनडोक्याचा जरा जास्तच.
एक स्क्रू उरला. दरवेळी उरतो. शर्टच्या खिशात टाकला.

रात्री वीज गेली. मेणबत्ती लावून
दोन्हीकडून मीच खेळलो, उठून तिकडे, परत इकडे.
लालांचे पाच. निळ्यांचे दोन.
निळे नेहमी त्याचे असायचे.
सुलक्षा दारात कधीची उभी होती कोण जाणे.
‘मोबाइल चार्ज आहे,’ ती म्हणाली,
‘माझा.’
आणि टेबलावर ठेवून आत गेली.