हातमोजे, चौसष्ट जोड

शुक्रवारचा बाजार उठल्यावर ती आली,
बोटांना व्हिनेगर आणि मिरचीचा वास,
आणि काचेच्या खालच्या फटीतून बिल
माझ्याकडेच परत सरकवलं.

"बाबा, हें कितें?"
नख टेकवलं होतं अकराव्या ओळीवर:
हातमोजे, चौसष्ट जोड.

पियेदाद, शिवोलीची. नवरा इनास,
गावातल्या उरल्यासुरल्या रेंदेरांपैकी एक,
माडावरून पडला, मांडीत सळई,
पाच दिवस आमच्या दुसऱ्या मजल्यावर.
पाच दिवस ती उशाशी बसून होती
आणि तिला मोजायची सवय आहे.
थिएटरचे हातमोजे वेगळे लावलेत, ते तिनं सोडले.
पट्टी बदलायला मुलगी आली चार वेळा.
दोतोर एकदा, तोही हात खिशात घालून.
मग हे बाकीचे हात
कुठं कुठं लागले माझ्या माणसाला?

मी म्हणालो, सिस्टीममधून येतं.
सिस्टीम म्हणजे माझ्यासमोरचा पडदा,
तो मीच भरतो.
सकाळी वरून एक आकडा येतो,
संध्याकाळपर्यंत तो गाठायचा असतो.

मॅनेजर आले, सुगंधी, शांत.
तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.
"गरीब माणसं आहेत, दहा टक्के कमी करा,"
माझ्याकडे बघत, तिला ऐकू जाईल असं.
वाटलं, आता ती हात जोडेल.
सगळेच जोडतात.
आईच्या वेळी मीही जोडले होते,
दुसऱ्या एका काचेपुढे.

ती म्हणाली, "सूट नाका. हिशेब दी."

आवाज चढवला नाही.
रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तेवढं
पिशवीतून आपलं बिल काढलं
आणि तो चष्मा शोधायला लागला.

आमच्या लॉबीत पामच्या कुंडीमागं
एक संगमरवरी फळी आहे,
आल्तिनच्या चढावरची ही जमीन
स्वस्तात मिळाली त्या साली कोरलेली:
दहा खाटा गरिबांसाठी, विनामूल्य.
कुंडीला पाणी घालायची आठवण मीच करतो.
पाम छान वाढलाय.

हातमोजे शेवटी चार जोड झाले.
बाकीच्या ओळी तशाच राहिल्या.
तिनं पैसे भरले, शंभराच्या तेलकट नोटा,
पावती मागून घेतली, घडी न घालता नेली.
रविवारी ग्रामसभेत वाचणार म्हणाली. सगळी.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो.
चौरिस मी खात नाही. तरी उभा राहिलो
खांबाआड, तिच्या टोपलीपासून जरा दूर.
गिऱ्हाईक पन्नास मागत होतं.
माळ हातात धरून, एकेक मणी दाबत
ती मोजत गेली, त्याला दिसेल असं, मोठ्यानं.
सदतिसाव्यावर तो मोबाईल बघायला लागला.
ती थांबली.
"पळय," म्हणाली, "मागीर म्हणशील..."
आणि पुन्हा एकपासून.