आठ मिलिमीटर

एकवीस वर्षं तासगावच्या शाळेत
मी फळ्यावर काटकोन काढला.
दोन रेघा, आणि त्यांच्या बेचक्यात
एक इवलासा चौकोन. बस, नव्वद अंश.
कुणी विचारलं नाही, खरंच नव्वद का.
खडूने सांगितलं की वर्ग मानतो.

इथे बेडफर्डला माझी बी.एड. चालली नाही.
मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, पत्र्याच्या शेडमध्ये,
पायांत पोलादी टोकाचे बूट,
पोरांच्या मापाचे, मोठ्यांत माझं माप मिळेना,
मी तोच कोपरा विटांकडे मागते आहे
आणि विटा देत नाहीत.

कार्मिने सर म्हणतात, पहिली वीट कोपऱ्याची.
ती चुकली की बाकीच्या सगळ्या
तिच्या चुकीशी प्रामाणिक राहतात.
सरांचे वडील इटलीहून आले ते इथल्या वीटभट्टीवर.
भट्टी गेली. चिमण्या सुरुंग लावून उडवल्या,
सर सांगतात इंग्रजीत, मी ऐकते मराठीत:
चिमण्या उडाल्या,
आणि मला एक थवा दिसतो, तांबूस, विटकरी.

कोपऱ्याची वीट लबाड असते.
या भिंतीला दाखवते सगळी लांबी,
त्या भिंतीला नुसतं डोकं. वरच्या थरात उलट.
अशानेच म्हणे भिंती एकमेकींना धरतात.
धाकट्या जाऊबाई आणि मी आठवलो,
एकच चूल, नऊ वर्षं.

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता.
मला सगळं पाठ.
‘बाजू कखला लंब काढा’ एवढं लिहिलं
की रचनेचे दोन गुण मी डोळे मिटून द्यायची.
त्या एका वाक्याला आता पाच गुरुवार झाले.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये येतो,
मी श्वास सोडते, तो सरकतो.
इकडे सहाशे, तिकडे आठशे,
तिरकी फीत हजार हवी.
भरते हजार आठ.

आई फोनवर म्हणते, या वयात विटा?
वीट नाही आला?
म्हटलं, तो वीट रोज येतो गं,
ती वीट बसत नाही.

शेजारी डेमी, सतरा वर्षांची, गणितात दोनदा नापास.
च्युइंगम चघळत एक डोळा मिटते,
थापीच्या मुठीने टक, टक,
आणि तिचा कोपरा बसतो.
कसं कळलं?
खांदे उडवते. दिसतंच की.
मग तीच विचारते, हे तीन-चार-पाचचं काय लफडं?
मी ओल्या वाळूवर विटांचे तुकडे मांडते,
तीनाच्या बाजूवर नऊ, चाराच्या बाजूवर सोळा,
मग सगळे उचलून तिरक्या बाजूवर. पंचवीस.
ती मोजते. पुन्हा मोजते.
म्हणजे ते चौकोन खरे असतात?
मला वाटायचं, नुसतं तोंडाने म्हणायचं असतं.

नवाला दहा कमी असताना सगळं पाडायचं.
मसाल्यात सिमेंट नसतंच, चुना आणि वाळू,
सुटण्यासाठीच कालवलेला.
पहिल्या गुरुवारी पोटात गलबललं होतं.
आज पाडण्याआधी फीत लावली:
हजार तीन.
सर म्हणाले, भिंतीला चालतं एवढं.
फळ्याला नसतं चाललं, मी मनात म्हटलं,
आणि मग लक्षात आलं,
फळ्यावर मी कधी मोजलंच नव्हतं.

विटा खरवडून ढिगावर गेल्या.
कोपऱ्याची सगळ्यांत शेवटी निघाली.
फरशीवर चुन्याच्या दोन रेघा उरल्या,
पांढऱ्या, खडूच्या असाव्यात तशा.
बेचक्यात तो इवलासा चौकोन काढायला
बोट गेलं.
नाही काढला.
सरका, डेमी म्हणाली,
तिच्या हातात झाडू होता.