क्रमांक तीन

देवळाली कॅम्पच्या लिलावातली ही पेटी
मी भगूरच्या एका सुभेदारांच्या घरून आणली.
देवदाराचं लाकूड, दोराची मूठ,
आत कल्हईचा पत्रा, झाकणावर पुसट काळं: १९४२.
सुभेदारीणबाईंनी आत कुरडया ठेवल्या होत्या.
म्हणाल्या, "ह्याच्यात सादळत नाहीत हो.
बदल्यात असाच घट्ट डबा द्या, पैसे नकोत."
अजून पेटी उघडली की
आधी चिकाचा वास येतो, मग ग्रीसचा.

अशा अकरा पेट्या माळ्यावर.
चौकीतून एकदा कुणी बघायला आलं होतं.
दारू नाही, टोपी नाही, सगळं पोकळ,
चहा पिऊन गेलं.

पण फळी निराळी.
भद्रकालीत याकूब मण्यारच्या गोडाउनमध्ये
मोडक्या पंख्यांखाली पालथी पडलेली.
हिरवी मखमल, कसर लागलेली,
तिच्यावर तारेनं बांधलेले पितळेचे तेरा तुकडे:
काडतूस कसं होतं ते
कारखान्यात नव्या पोरांना दाखवायला.
एक नंबर, नाण्याएवढी चकती.
दोन, जराशी दबलेली.
तीन, वाटी.
मग ओढ, भट्टी, ओढ, भट्टी,
दर ओढीला अंग लांबतं, भिंत पातळ होते,
कुठेतरी बुडावर अक्षरं उठतात,
अकराव्याला मान आवळलेली.
तेरावा उभा चिरलेला, आतली पोकळी दिसावी म्हणून.

याकूब म्हणाला, वजनावर देतो.
मी काट्याकडे पाहिलंच नाही.

माझे वडील तांबट आळीत हेच करायचे.
ठोकून ठोकून पितळ हट्टाला पेटलं
की भट्टीत घालायचे, लाल होऊ द्यायचे.
"रुसलंय, निजू दे जरा."
त्यांच्या हातून गडवे निघाले, फुलपात्रं निघाली.
कान गेले ते हातोडीनं, तोफेनं नाही;
देवळालीचा सराव सुरू झाला
की तावदानं थरथरायची,
आणि ते भिंतीला हात लावून विचारायचे,
"कुणाचं काम चाललंय एवढ्या रात्री?"

दिवाळीच्या आवराआवरीत शालननं फळी उतरवली.
संध्याकाळी पाहतो तर
तीन नंबरला नुसती तार.
"देवघरात बघा," ती म्हणाली.
"गंधाला वाटी नव्हती."

चिंचेनं घासलेली, लखलखीत,
आत ओलं चंदन,
काठावर तिच्या बोटाचा ठसा.

संग्रह अपुरा झाला.
कुणी जाणकार आला की आधी तिथंच बोट ठेवतो:
हे कुठाय?
मी वहीत लिहून ठेवलंय, पेन्सिलनं:
क्रमांक तीन. वापरात.