उफराटे केस

सकाळी आधी शेळी.
मानेखालचे केस, चीनहून पोत्यातून आलेले,
कळकट, अजून गोठ्याचा वास धरून असलेले.
त्यांवर तुसाची राख, तापली इस्त्री,
मग हरणाच्या कातड्यात गुंडाळून रगडायचे
मनगट भरून येईतो.
केसांतलं तेल काढायचं
डोळ्यांत तेल घालून.

मात्सुए-सान म्हणायच्या, शेळी पाणी पिते,
तेवढाच तिचा गुण.
उभं राहायला घोडा लागतो.
घोडा ताठ, पण एकटा सोडला तर कागद खरवडतो.
तानुकी बुंध्याला बारीक, शेंड्याला जाड,
तिला शाई दिली की पोटाशी धरून बसते.
मांजराच्या पाठीवरच्या केसाला टोकाशी फुगीर गाठ असते,
दिसत नाही,
चाळीस वर्षांनी बोटाला कळते.

एकदा ओसाकाच्या दुकानदाराने
उंटाच्या केसांचे पन्नास ब्रश मागवले.
उंटाच्या ब्रशात उंट कधीच नसतो.
खार असते, तट्टू असतं, हाताशी असेल ते असतं.
पाठवले. तक्रार आली नाही.

इटाचीच्या शेपट्या मात्र कुलपात.
हे मुंगसाएवढं जनावर उत्तरेच्या बर्फात धावतं,
आणि त्याची सगळी धाव
बोटभर केसात उतरते: दाबला की वाकतो,
सोडला की उभा.

दुपारी सुरी.
केसांचे शेंडे जुळवायचे, धारेवर अंगठा ठेवून चाचपायचे.
उफराटा लागला, बाहेर.
तुटक्या टोकाचा, बाहेर.
कात्रीने ब्रशला टोक येत नाही,
टोक जनावर जन्मतानाच घेऊन येतं.
सगळ्यांत मधला, सगळ्यांत लांब जो उरतो
त्याला आमच्या कुमानोत जिवाचा केस म्हणतात.

माणसालाही टोक एकदाच मिळतं.
जावळाला.
म्हणून तान्ही मुलं पाठीला बांधून आया येतात,
पाकीट देतात, ब्रश करून नेतात,
पुढे कुणी त्याने लिहीत नाही.

परवा आला तो साठीचा.
हिराओका. कुरेच्या रस्त्यावर बस चालवायचा.
म्हणाला, आई गेली, कपाटात हे निघालं.
घडीच्या कागदावर तारीख, आणि खाली
वाकड्या अक्षरात: तोकुजीचे पहिले केस.

रात्री भिंग लावलं.
दोन्ही टोकं बोथट.
एक उचलला, दुसरा उचलला,
वीस-पंचवीस पाहिले आणि दिवा जवळ ओढला.
सगळे आधी एकदा कापलेले.
पहिले हरवले असतील.
कुणी केरात लोटले असतील, न विचारता.
आणि तिने कुणाला काही न बोलता
पुन्हा वाढायची वाट पाहिली असेल,
तारीख मागची घातली असेल.
किंवा साधीच चूक असेल. मला काय ठाऊक.

सुरी हातात घेतली.
नियमाने पाहिलं तर
सगळंच बाहेर काढायला हवं होतं.

सुरी ठेवली. कुलूप उघडलं.
इटाचीचे साठेक केस मोजले,
मध्ये उभे केले,
भोवती त्याचे गुंडाळले, एकही न टाकता.
समुद्रशेवाळाची खळ, तागाचा दोरा,
बुडाला तापल्या लोखंडाचा चटका.
जळताना वास एकच आला.
जनावर कुठलं, माणूस कुठला, नाकाला सांगता येईना.

तो आज घेऊन गेला.
आधी पाण्यात बुडवला, करड्या सरावकागदावर
आईचं नाव लिहिलं, सातोए,
शेवटची रेघ उचलताना श्वास धरला.
रेघ बारीक होत होत सुईसारखी संपली.

बघा, तो म्हणाला, टोक बघा.
साठ वर्षं कपाटात होतं, तरी.

पाणी कडेकडेने वाळायला लागलं होतं.
मी म्हटलं, काठी बांबूची आहे,
उन्हात ठेवू नका.