वीस अंश

सातपूरला, पपया नर्सरीच्या पुढं डावीकडं
एका शेडमध्ये मी बुश मोजते.
गनमेटलचे, मुठीएवढे, बाहेरून ऐंशी मिलिमीटर.
ऐंशी म्हणजे ऐंशी.
केसाच्या पाव हिश्शानं चुकलं
तरी अंबडहून पेटी परत येते,
वर लाल पेनानं एकच शब्द : लहान.

तीन आठवडे पेट्या परत येत होत्या.
आम्ही बरोबर मोजून पाठवत होतो
आणि माल वाटेत लहान होत होता.
खैरनार साहेब म्हणाले, ऑपरेटरचा हात.
ऑपरेटर म्हणाला, लेथ म्हातारा झालाय.
पगारमामा काहीच म्हणाले नाहीत.
(आडनावच पगार. दर सात तारखेला कुणीतरी तोच विनोद करतं
आणि मामा दर सात तारखेला
पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.)

मग मी वही केली.
मुलाची, अर्धी कोरी, पुढून पानिपतच्या पराभवाची कारणे.
मी मागून सुरुवात केली :
वार, वेळ, माप, मशिनवर कोण,
चहाच्या आधी की नंतर.
चहाचा काय संबंध, चंद्रकला?
सगळे हसले. मलाही माहीत नव्हतं.
पण लिहिलेलं उद्या खोडता येतं,
न लिहिलेल्याचं काय करणार?

सकाळी आठचा माल परत येत नव्हता.
अकरानंतरचाच येत होता.
आणि एका ढगाळ मंगळवारचा, दिवसभराचा,
एकही नाही.
त्या मंगळवारावर मी बोट ठेवून बसले,
सुई टोचल्या जागी ठेवतात तसं.

रात्री घरी दोन पेले एकमेकांत अडकले.
ओढले, आपटले, मग नेहमीचंच :
आतल्यात गार पाणी, बाहेरच्यावर कढत.
सुटले.
हे मी आठ वर्षांची असल्यापासून करते.
दिंडोरीला आईनं दाखवलं होतं,
आईला तिच्या मावशीनं.
पेला सुटला की मी पुढच्या भांड्याकडं वळते.
त्या रात्री वळले नाही.
पेला मोठा झाला होता.
तेवढ्यापुरता, माझ्या हातात.

ठाऊक होतं. कळलं नव्हतं.

यंदा निफाडला पारा चारवर आला,
भाऊ पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या करत होता,
आणि आमच्या शेडमध्ये, डिसेंबर लागला तसं,
मोजायचं टेबल सरकत सरकत
खिडकीशी गेलं होतं.
कुणी हलवलं असं नाही.
सगळ्यांनी थोडं थोडं.
अकराला तिथं ऊन यायचं,
ट्रेमधल्या बुशांवर आणि आमच्या पाठींवर.
मायक्रोमीटर तेवढा ड्रॉवरमध्ये, गार.

दुसऱ्या दिवशी एकच बुश घेतला.
उन्हात मोजला : ऐंशी.
मग सावलीत, फरशीवर, तासभर.
डबा उघडला, भाकरीचा घास फिरत राहिला तोंडात.
मोजला : अठरा मायक्रॉन कमी.
पुन्हा उन्हात. पुन्हा फरशीवर.
वाटेत काहीच होत नव्हतं.
आम्हीच त्याला फुगलेला असताना
बरोबर म्हणत होतो.

पगारमामांनी वही वाचली, पानिपतसकट.
चष्मा काढून खिशात ठेवला,
उठून टेबलाचं एक टोक धरलं.
म्हणाले, दुसरं धर.

ड्रॉवर रिकामा करताना हाती आला
माप तपासायचा ठोकळा.
त्याच्या कडेला बारीक कोरलेलं होतं : २० अंश.
दहा महिने रोज सकाळी
मी ते फडक्यानं पुसत होते.

आता टेबल आतल्या भिंतीशी, अंधारात.
बोटं बधिर होतात, लोक मला शिव्या देतात :
तुझ्या मायक्रॉनपायी ऊन गेलं.
तरी अकराला सगळे चहा घेऊन
खिडकीशी उभे राहतातच. मीही.
पाठ हळूहळू तापते.
ऑपरेटर कप खाली ठेवतो, छाती पुढं काढतो,
म्हणतो, ताई,
आता मला मोजा.