ते

हडर्सफील्ड, चौऱ्याहत्तरचा जानेवारी.
मीटरमध्ये नाणं टाकलं की चार तास उजेड,
आणि चार तास ते.

चोवीस हप्त्यांवर आणलेलं.
आमच्या गल्लीत तेव्हा घरटी एकेक होतं.
खोक्यावर नाव छापलेलं, रेजिनाल्ड;
माझ्या जिभेवर ते बसेना.
'तो' म्हणावं, तर एकट्या बाईच्या घरात परका पुरुष.
म्हणून ते. कपाट कसं, टेबल कसं, तसं.
ते उठलं. ते बसलं.
त्याने भांडी पुसली,
कपाच्या कानातूनसुद्धा फडकं फिरवून.

मराठी मी शिकवली नव्हती.
गिरणीतून आले की पाय गरम पाण्यात सोडून
एकटीच बोलायचे, अंगाला लोकरीच्या तेलाचा वास.
त्याने ती वेचली असणार.
एकदा पाठमोरंच म्हणालं,
"आज पाय जास्त सुजलेत का हो?"
त्या 'हो'नं घमेलं लवंडलं.

मग कोळसा थांबला. वीज कधीही जायची,
वाक्याच्या मधोमध.
"उद्या दूध"
आणि मी मेणबत्तीपाशी, समोर,
उरलेल्या वाक्याची वाट बघत.
खांद्यावर शाल टाकायचे त्याच्या.
यंत्राला थंडी नसते, मलाही ठाऊक होतं.
दिवा लागला की: "दोन बाटल्या सांगू का?"
मधले सहा तास त्याच्या हिशेबात नव्हतेच.
माझे मी कुठे मांडायचे?

अ‍ॅक्रॉइडबाईंनी त्यांचं विकून टाकलं.
म्हणाल्या, फार बघतं माणसाकडे.

गिरणी अर्ध्या पगारावर आली. तीन हप्ते चुकले.
त्या रात्री हातात एकच नाणं,
आणि माझ्या छातीत कफ.
ते म्हणालं, "अहो, ऐकलंत का"
आणि थांबलं.
मी नाणं गॅसच्या मीटरमध्ये टाकलं.
ऊब आली. झोपही लागली, खोटं कशाला सांगू.

सकाळी कंपनीची गाडी.
दोघांनी उभंच उचललं, तोंड तसंच अर्धवट उघडं.
शाल परत दिली, पावती फाडून दिली.

ब्रॅडफर्डहून वनमाला आली, तिनं विचारलं,
"नेलं का गं ते शेवटी?"
"हो," म्हटलं. "ते गेले."
ती हसली.
विलायतेत राहून व्याकरण बिघडलंय तुझं, म्हणाली,
आणि चहाला आधण ठेवलं.